नवीन केलेलं बाथरूम परत गळतंय? फरशी फोडायच्या आधी हे तपासा

टाइल्स नव्या, नळ नवे, मिस्त्री पैसे घेऊन गेलेला, आणि दोन-तीन महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात की आमच्या छताला परत डाग आलाय. ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात माझं बरंचसं काम हेच आहे, दुसऱ्याने बिघडवलेलं बाथरूम उघडायचं आणि नीट करून द्यायचं. प्रत्येक घरी गोष्ट साधारण सारखीच असते. पहिल्या ठेकेदाराने कारण न शोधता फरशी फोडली, गळती राहिलीच, मग दुसरा आला, त्याने पहिल्याला चार शिव्या घातल्या आणि तीच फरशी परत फोडली. पाणी कुठून येतंय हे दोघांनीही बघितलं नाही, कारण बघण्याचे पैसे मिळत नाहीत, फोडण्याचे मिळतात.

म्हणून खाली दिलंय ते त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या बऱ्याच गोष्टी फुकटात होतात, आणि त्यातनंच दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात: पाणी कुठून येतंय, आणि खर्च कुणी करायचा.

लक्षणं

खालच्या छताला पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग, रंग फुगून पोपडे, पांढरी भुकटी किंवा कापसासारखे क्षार, ही नेहमीची. बाथरूमच्या मागच्या बेडरूममध्ये भिंतीला खालून फूट-दीड फूट ओल, स्कर्टिंगच्या मागे बुरशी. दाराच्या लाकडी चौकटीचा पाय काळा पडून भुसभुशीत होणं. बाथरूमच्या आत टाइलवर पाय दिला की टकटक पोकळ आवाज, जाळीपर्यंत पाणी न जाता कोपऱ्यात डबकं, सांध्यातलं व्हाइट सिमेंट बोटाने निघणं, सारखा गटाराचा वास.

काही लक्षणं ठेकेदाराचीही असतात आणि ती ओलीच्या आधीच दिसतात. बिल नाही, सगळा व्यवहार तोंडी. "केमिकल मारलंय साहेब, दहा वर्षं बघायला नको", पण कोणतं केमिकल, किती डबे, काही सांगता येत नाही. टाइल बसवायच्या आधी पाणी भरून दाखवलेलंच नाही, किंवा सकाळी भरलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सोडून दिलं. आणि तक्रार केली की तो नेमका गावाला असतो. यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढची तपासणी त्याला न बोलावता स्वतः सुरू करा, तो आला की पहिलं काम सिलिकॉनची नळी काढून सांधे भरतो, तेवढ्याने आठ-पंधरा दिवस डाग थांबल्यासारखा वाटतो आणि तेवढ्यात उरलेले पैसे मागून नेतो.

१. कागद काढा (फुकट)

सगळ्यात आधी बिल्डिंगचं वय बघा. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि बिल्डरने दिलेलं बाथरूम तसंच असेल, कुणी हात लावला नसेल, तर ठेकेदार बोलवूच नका. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि नाही केला तर महारेराकडे तक्रार करता येते. लोक काय करतात, घाईने स्वतःच्या खर्चाने फरशी फोडतात आणि मग बिल्डर म्हणतो तुम्हीच छेडछाड केली, आता आमचा संबंध नाही. त्याला वाद घालायला आयतं कारण कशाला द्यायचं.

बिल्डिंग जुनी असेल तर सोसायटीकडे वळा. बाहेरच्या कॉमन पाइपलाइनची, ड्रेनेजच्या उभ्या लाइनची, पावसामुळे होणारी गळती ही सोसायटीची दुरुस्ती, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ही सदस्याची, अशी विभागणी आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहे. डक्टमधला (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतला) पाइप फुटलाय आणि वरच्या मजल्यावरच्याने स्वतःचं बाथरूम फोडून घेतलं, असं मी पुष्कळदा बघितलंय, दोन्ही घरांचे पैसे वाया आणि कायमचं वैर वेगळंच.

काम झालेलंच असेल तर ठेकेदाराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कोटेशन, यूपीआयच्या पावत्या, काम चालू असतानाचे फोटो, सगळं एका ठिकाणी काढून ठेवा. फोन बदलला की चॅट जाते, आणि पुढे दाद मागायची वेळ आली तर तीच कामाला येते. बिल नसलं तरी त्याच्या खात्यात गेलेले पैसे दिसतात, हे त्याला पण माहीत असतं, म्हणूनच तो कॅश मागतो.

२. वेळ नोंदवा (फुकट, फक्त खालच्यांची मदत लागते)

ही पायरी लोक गाळतात आणि इथेच अर्धं निदान होतं. ताप कधी चढतो हे डॉक्टर आधी विचारतो, तसं डाग कधी वाढतो ते बघायचं. खालच्या घरात डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख-वेळ लिहा, थेंब पडत असेल तर खाली वाटी ठेवा, आणि तीन-चार दिवस बघा.

दिवसरात्र सारखं थेंब-थेंब, घरी कुणी नसतानासुद्धा, तर पाणी भरलेल्या लाइनमध्ये म्हणजे नळाच्या पाइपात गळती असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच सोसायट्यांत पाणी ठराविक वेळेलाच सोडतात, त्या वेळेनंतर तासाभरात डाग वाढत असेल तर तोच संशय. अंघोळी झाल्या की वाढतो आणि दुपारी थांबतो, तर फरशी, नहाणीचा ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं) किंवा ड्रेनची लाइन. फ्लश केल्यावरच वाढतो आणि वास येतो, तर कमोडचा जॉइंट. उन्हाळाभर काहीच नाही आणि जूनपासून चालू, तर बाथरूमचा दोष नसून बाहेरच्या भिंतीचा, खिडकीच्या वरच्या छज्जाचा किंवा डक्टचा असू शकतो, आणि अशा केसमध्ये बाथरूम कितीही वेळा केलंत तरी पुढच्या पावसात डाग येणारच.

एक लक्षात ठेवा, काम नुकतंच झालं असेल तर कोब्यात (टाइलखालच्या विटा-सिमेंटच्या थरात) मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, गळती बंद झाल्यावरही डाग लगेच सुकत नाही. त्यामुळे डाग आहे म्हणजे गळती आहेच असं धरू नका, डाग वाढतोय का ते बघा.

३. जे उघड दिसतंय ते हाताने तपासा (फुकट)

टॉर्च आणि थोडे टिश्यू पेपर घ्या. प्रत्येक अँगल कॉक (भिंतीतून बाहेर आलेला छोटा कॉक), फ्लशच्या टाकीची नळी, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, जेट स्प्रेचा जॉइंट, गिझरच्या दोन्ही नळ्या, वॉशिंग मशीनचं आउटलेट, सगळ्याला कोरडा टिश्यू गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. जिथे ओला झाला तिथे आधी बघा. नवीन कामात अँगल कॉक आटे पूर्ण न बसवता, जास्तीची टेफ्लॉन टेप गुंडाळून कसाबसा आवळलेला सापडतो आणि पाणी त्याच्या झाकणामागून, म्हणजे टाइलच्या मागच्या बाजूने खाली उतरतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. झाकण मागे सरकवून बोट घालून बघायचं, एवढंच. दुरुस्ती प्लंबरच्या एका फेरीत होते.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून पाणी तापताना थोडे थेंब पडले तर घाबरू नका, पाणी तापून फुगतं ते तिथून बाहेर पडतं. तो व्हॉल्व बंद करून टाकणारा प्लंबर भेटला तर मात्र त्याला लगेच थांबवा, त्यात स्फोटाचा धोका असतो.

कमोड दोन्ही हातांनी हलवून बघा. हलला तर त्याचा खालचा जॉइंट गेलाच म्हणून समजा, वरून व्हाइट सिमेंट लावून तो बसत नाही, कमोड काढून परत बसवावा लागतो.

४. व्हॉल्व बंद करून रात्रभर ठेवा (फुकट)

बाथरूमला पाणी देणारा व्हॉल्व रात्री बंद करा आणि सकाळपर्यंत तिथे पाणी वापरू नका. बंद असताना खालचं टपकणं थांबलं किंवा बरंच कमी झालं आणि व्हॉल्व उघडल्यावर, नळ न उघडताही, परत सुरू झालं, तर दोष पाइपात आहे. मग फरशीचं वॉटरप्रूफिंग कितीही भारी केलं तरी उपयोग शून्य, कारण पाणी भिंतीच्या आतून त्याच्या खाली उतरतंय. गरम लाइन वेगळी तपासायची तर गिझरला जाणारा कॉक तेवढा बंद करून दुसऱ्या रात्री परत बघा.

पाइपात दोष का सापडतो त्याची तीन कारणं सांगतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप लागतो, तो बहुधा फिकट पिवळसर असतो, आणि पांढरा यूपीव्हीसी गार पाण्यासाठी असतो. पैसे वाचवायला गरम लाइनमध्येही पांढरा पाइप टाकणारे आहेत, तो उष्णतेने मऊ पडतो आणि जॉइंट सुटतो. दुसरं, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावून जॉइंट वाळायच्या आतच पाणी सोडतात, कारण संध्याकाळी घरी जायची घाई. तिसरं म्हणजे जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीतला गंजका जीआय (लोखंडी) पाइप तसाच ठेवून त्याच्या टोकाला नवा प्लास्टिकचा तुकडा जोडतात आणि सांगतात सगळं प्लंबिंग बदललं. काम चालू असताना भिंतीचे फोटो काढायला सांगतो ते यासाठी, टाइल बसली की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

५. टाइल वाजवा, उतार बघा (एक नाणं आणि एक गोटी)

नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा, चारही कोपरे आणि मधोमध. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली. एखाद-दुसरा कोपरा पोकळ असणं मी मनावर घेत नाही, पण शॉवरखालच्या अर्ध्या टाइल्स पोकळ असतील तर खाली माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) ठिगळासारखा मध्ये मध्येच ठेवलाय आणि त्या पोकळीत पाणी साठून राहतंय.

मग गोटी सोडा, दाराकडून जाळीकडे गेली पाहिजे. उतार साधारण मीटरला १०-१२ मिलिमीटर तरी हवा. गोटी दाराकडे आली तर चौकट का कुजतेय ते वेगळं शोधायला नको. उतार चुकलेला असेल तर त्याला वरून काही उपाय नाही, तेवढा भाग काढूनच करावा लागतो, ठेकेदार म्हणेल वायपर मारत जा, ऐकू नका.

इथे एक गैरसमज. सांध्यात भरलेलं ग्राऊट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. एपॉक्सी ग्राऊट चांगलंच असतं, पाणी बरंच अडवतं, पण खरं काम टाइलच्या खालच्या थराने करायचं असतं. तो थर नसेल किंवा फाटलेला असेल तर ग्राऊट बदलून फक्त काही महिने मिळतात. भाड्याचं घर असेल, किंवा पावसाळा काढायचा असेल, तर तेवढ्यासाठी जरूर करा.

६. नहाणीचा ट्रॅप उघडा

माझ्याकडे येणाऱ्या नव्याने केलेल्या बाथरूमपैकी सगळ्यात जास्त गळती इथे सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाळी उचला, आत टॉर्च मारा. पहिली गोष्ट, सिमेंटचे गोळे. काम झाल्यावर घमेली-थापी त्याच जाळीवर धुतात, डेब्रिजचा चुरा आणि सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट बसतं, पाणी तुंबतं आणि तुंबलं की जिथे कच्चं आहे तिथून बाहेर पडतं. खडे हाताने निघतात, घट्ट झालेलं सिमेंट हातोडीने फोडायला जाऊ नका, ट्रॅपच फुटतो, आणि मग खरंच स्लॅबपर्यंत जावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी टाइल चिकटवायची पद्धत आता फार चालते, दोन दिवसांत काम होतं, आवाज नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. नीट केली तर वाईट नाही. पण फरशीची उंची वाढली की ट्रॅपचं तोंड खाली राहतं, मग त्यावर पाइपचा एक तुकडा बसवून उंची वाढवतात. तो तुकडा सोल्युशनने चिकटवलेला नसतो, नुसता ठेवून भोवती सिमेंट थापलेलं असतं. बोटाने तुकडा आतून चाचपा, हलतो का, खालच्या तोंडाशी फट लागते का. फट असली तर प्रत्येक अंघोळीचं थोडं पाणी त्यातून जुन्या आणि नव्या फरशीच्या मध्ये शिरतं आणि तिथून वाट मिळेल तिकडे, म्हणजे चौकटीखाली, बेडरूमच्या भिंतीत, खालच्या छतात.

कल्याणच्या एका घरात तीन वेगवेगळ्या ठेकेदारांनी काम केलं होतं, तिघांनीही एकावर एक थर चढवलेले, बाथरूमचा उंबरा दिसेनासा झालेला, आणि गळती शेवटपर्यंत त्या न चिकटवलेल्या तुकड्याचीच. तिसऱ्याने तर स्लॅबला खालून भोकं पाडून नळ्या लावून केमिकलही भरलं होतं. पाणी बिचारं दोन फूट सरकून दुसऱ्या खोलीत उतरायला लागलं, आणि घरवाल्यांना वाटलं आता नवीनच गळती सुरू झाली.

तपासायचं कसं, तर फरशी कोरडी ठेवून पाइपने फक्त जाळीच्या आत पाणी सोडा, सात-आठ बादल्या, बाहेर एक थेंब सांडू न देता. खाली ओल वाढली तर दोष ट्रॅपचा किंवा त्याच्या पुढच्या लाइनचा. नाही वाढली तर पुढची टेस्ट.

७. पाणी भरून ठेवा (खर्च जवळपास नाही, पण दोन दिवस बाथरूम बंद)

आधी खाली जाऊन छत बघा. प्लास्टर लोंबतंय, सळ्या दिसतायत किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ ओल आहे, तर ही टेस्ट करू नका, थेट खालच्या "इथे थांबा, माणूस बोलवा" या भागाकडे जा.

छत ठीक असेल तर जाळीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, कापड गुंडाळून घट्ट बूच बसवा. दाराशी उंबरा नसेल तर चिकणमातीचा किंवा कच्च्या मालाचा दीड-दोन इंचाचा बांध घाला. मग इंचभर पाणी भरा, टाइलवर मार्करने पातळीची खूण करा, फोटो काढा, आणि ४८ तास सोडा. पाण्यात कपड्याची नीळ टाकली तर बरं, खाली निळं उतरलं की भांडणच संपतं. पण निळं नाही उतरलं म्हणजे गळती नाही असं समजू नका, विटांच्या कोब्यातून जाताना रंग गाळला जातो.

पातळी थोडी कमी होणारच, हवेत उडतं, म्हणून बाजूला एका परातीत तेवढंच पाणी भरून ठेवा आणि दोन्हींची घट ताडून बघा. फरशीचं पाणी परातीपेक्षा बरंच जास्त उतरलं आणि खाली डाग वाढला, तर वॉटरप्रूफिंगचा थर गेलेला आहे, हे आता अंदाजाने नाही तर फोटोसकट तुमच्या हातात आहे. ठेकेदाराला शक्यतो टेस्टच्या वेळी बोलवा, मेसेज करून बोलवा, नाही आला तरी मेसेज राहतो.

पाणी जागच्या जागी राहिलं आणि खाली कोरडं, पण शॉवर घेतल्यावर ओल येते? मग भिंतीकडे बघा. बरेच जण वॉटरप्रूफिंग फक्त जमिनीला करतात, भिंतीवर वीतभरसुद्धा चढवत नाहीत. जमिनीपासून निदान फूटभर, आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या उंचीपर्यंत तो थर हवा, आणि जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई करून त्यावर फायबरची जाळी बसवलेली हवी, कारण कोपऱ्यातच तडा जातो.

८. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट

चौथ्या पायरीत पाइपावर संशय आला असेल तरच. सगळी तोंडं बंद करून हँडपंपाने लाइनमध्ये दाब देतात आणि गेजचा काटा बघतात. काटा खाली सरकला तर गळती आहे, गरम आणि गार वेगवेगळं करून बघितलं की कुठल्या लाइनमध्ये तेही कळतं. हे करणारा प्लंबर आणि फोडणारा ठेकेदार एकच माणूस नसला तर उत्तम, का ते सांगायला नको.

९. आता कुठे एक टाइल उघडा

संपूर्ण बाथरूम नाही, एकच टाइल, जिथे खडूची फुली आहे आणि जी ट्रॅपच्या जवळ आहे. खाली काय आहे ते बघा. करड्या रंगाचा रबरासारखा कोटिंगचा थर दिसतो का? की सरळ ओला माल आणि त्याखाली जुनी टाइल? कोबा हाताने भुगा होतोय का? कोब्याला सात दिवस तरी पाणी मारायचं असतं आणि कोटिंगचा दुसरा हात पहिला वाळल्यावर आडव्या दिशेने द्यायचा असतो, पण तीन दिवसांत बाथरूम देतो म्हणणाऱ्याकडे याला वेळच नसतो. जे दिसेल त्याचा बाजूला टेप धरून फोटो काढा.

इथे थांबा, माणूस बोलवा

स्लॅबच्या सळ्या गंजून बाहेर आल्यात, काँक्रीटचे तुकडे पडतायत, बीमला तडा आहे किंवा छत मध्ये झुकलंय असं वाटतंय, तर हा ठेकेदाराचा विषय राहिला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि सोसायटीला लेखी कळवा. वरून प्लास्टर थापून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका, प्लास्टरखाली सळी गंजतच राहते.

दिव्याच्या पॉइंटमध्ये, पंख्याच्या हुकाजवळ पाणी आलं तर त्या लाइनचा एमसीबी (बोर्डातला सुरक्षा स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चढवू नका. उभ्या ड्रेनेज लाइनचा जॉइंट स्लॅबमध्ये गेलाय, ट्रॅप स्लॅबमध्येच फुटलाय, किंवा काम करताना स्लॅबला नवीन भोक पाडलंय, हेही घरच्या घरी करायचं नाही. आणि सगळ्या टेस्ट करूनही उगम सापडत नसेल तर ओलावा मोजणारं मीटर किंवा थर्मल कॅमेरा असलेल्या वॉटरप्रूफिंग कन्सल्टंटला फी देऊन बोलवा, तो काम घेणारा नसावा, फक्त रिपोर्ट देणारा असावा. त्याची फी आणखी एक बाथरूम फोडण्यापेक्षा कमीच पडते.

ठेकेदाराचं काय करायचं

फोनवर भांडू नका. एक मेसेज लिहा: काम कधी झालं, किती पैसे दिले, टेस्टमध्ये काय आढळलं, फोटो जोडलेत, १५ दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्या. सरळ माणूस असेल तर तो येतो, आणि चांगले ठेकेदार येतातच, त्यांनाही त्याच सोसायटीत पुढची कामं करायची असतात. आला तर काय दुरुस्त करणार आणि त्यानंतर ४८ तास पाणी भरून दाखवणार का, हे आधी लिहून घ्या. नुसतं सिलिकॉन आणि व्हाइट सिमेंट घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा. उरलेले पैसे टेस्ट पास होईपर्यंत देऊ नका, "मजुरांचे पगार अडलेत" हे दर वेळी असतं.

नाही आला तर त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि तिथेही हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही होते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, "बघू, करतो" ऐकत बसलात तर ती तशीच निघून जाते. अ‍ॅडव्हान्स घेऊन कामाला हातच न लावता पळाला असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. काम केलंय पण वाईट केलंय, तर पोलीस बहुतेक वेळा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवतात, तिथे चकरा मारण्यात वेळ घालवू नका.

दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या आधी सिव्हिल इंजिनिअरचा फोटोसकट लेखी रिपोर्ट घ्या. एकदा तोडलं की पहिल्याने काय केलं होतं ते दाखवायला काही उरत नाही, आणि आयोगासमोर तो म्हणतो, माझं काम चांगलंच होतं, दुसऱ्याने बिघडवलं.

नव्या माणसाला पैसे देताना टप्पे टेस्टला बांधा, दिवसांना नाही. थोडा अ‍ॅडव्हान्स, प्लंबिंगची प्रेशर टेस्ट झाल्यावर एक हप्ता, वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी उभं राहिल्यावर दुसरा, टाइल्स झाल्यावर तिसरा, आणि शेवटचे दहा टक्के पावसाळा गेल्यावर. माल स्वतः आणा किंवा दुकानाचं बिल तुमच्या नावाने घ्या, कोटिंगचे रिकामे डबे काम संपेपर्यंत फेकू देऊ नका. दहा टक्के चार महिने अडकवायला तो तयार नसेल तर निदान दिवाळीपर्यंत पाच टक्के तरी ठेवा, आणि त्यालाही नाही म्हणाला तर दुसरा बघा.